माईकला काही झालेलं नाही

त्या निवडणुकीत दोन्ही उमेदवारांची भाषणं सगळ्यात जास्त कुणी ऐकली असतील, तर ती भोंगेवाल्याने. उमेदवारांच्या घरच्यांनीही एवढी ऐकली नसतील. सकाळी कारखानदारांची चौकातली सभा, संध्याकाळी वकीलबाईंची मैदानावरची. दोन्हीकडे खांब, भोंगे, वायरी आणि मिक्सर याचाच. धंदा म्हणजे धंदा, त्यात आपला-परका करायचा नाही, असा त्याचा बाणा होता. आणि तरीही त्या दुपारी ताईने त्याला एक साधा सरळ प्रश्न विचारला, तेव्हा गड्याची बोबडी वळली.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. ती पाळणाघर चालवायची. दोन खोल्या, पुढे लहानसं अंगण, भिंतीला टेकवून ठेवलेल्या छोट्या गाद्या, आणि दिवसभर कुणाचं तरी रडणं नि कुणाचं तरी हसणं. आसपासच्या नर्सबाई, दुकानातल्या मुली, कचेरीत जाणाऱ्या आया सकाळी पोरं तिच्या कडेवर द्यायच्या आणि निर्धास्त कामाला जायच्या. भाऊ दुपारी जेवायला तिच्याकडेच यायचा. त्या दिवशी ती एका रडक्या पोराला मांडीवर थोपटत बसली होती. थोपटता थोपटता म्हणाली,

"काय रे, तू रोज दोघांना ऐकतोस. बँकांबद्दल कोण काय म्हणतं?"

भोंगेवाल्याने घास तसाच हातात धरला. मग म्हणाला, "कारखानदारांचा आवाज भरदार आहे, मला काही करावंच लागत नाही. वकीलबाई मात्र माईक ओठांना लावून ओरडतात. भोंगा फाटतो की काय अशी भीती वाटते."

"आवाज कसा ते नाही विचारलं. बोलतात काय, ते विचारलं."

त्याला काही केल्या आठवेना. शिंपी लग्नाला गेला तरी त्याला लोकांच्या कपड्यांची शिवणच दिसते, नवरा-नवरी दिसत नाहीत, तसं त्याचं झालं होतं. कुठल्या शब्दाला शिट्टी वाजते, कुठे टाळ्यांमुळे आवाज दबतो, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. पण त्या शब्दांचा अर्थ त्याच्या कानात शिरलाच नव्हता. शेवटी त्याने नेहमीची पळवाट काढली. म्हणाला, "अगं ताई, बँकांचे नियम म्हणजे मोठ्या लोकांची कामं. आपल्याला त्यातलं काय कळतंय?"

आता खरं सांगायचं तर हे वाक्य एकट्या भोंगेवाल्याचं नव्हतं. तुम्ही-आम्ही सगळेच ते अधूनमधून म्हणतो. रस्त्यावर खड्डा दिसला की आपण उमेदवाराची गचांडी धरू, नळाला पाणी नसलं तर मोर्चा काढू. पण आपली आयुष्यभराची पुंजी ज्या दारात ठेवली त्या दाराची कडी कोण तपासणार, हे विचारायची वेळ आली की आपण मूग गिळून बसतो. आणि वर मान हलवून म्हणतो, आपल्याला त्यातलं काय कळतंय!

ताईने मात्र ते वाक्य खाली पडू दिलं नाही. तिचा आवाज चढला. पोर झोपलेलं होतं म्हणून चढलेला आवाज तिने कसाबसा दाबला. "मोठ्या लोकांची कामं? मग त्या बँकेत अडकलंय ते काय मोठ्या लोकांचं आहे?"

ती असं बोलली त्यालाही कारण होतं. बाजारातल्या ज्या बँकेत ताईची पुंजी होती, त्या बँकेच्या संचालकांनी आपल्याच मेव्हण्या-भाच्यांना मनमुराद कर्जं वाटली. ती बुडाली. आणि एका सकाळी बँकेच्या दारावर नोटीस लागली, की ठेवी तूर्त मिळणार नाहीत. 'तूर्त' या शब्दाला किती महिने लागतात हे कुणीच सांगेना. पाळणाघराची जागा भाड्याची होती; त्या जागेच्या मालकाचेही पैसे त्याच बँकेत अडकले. हात आखडल्यामुळे त्याने या दोन खोल्या विकायला काढल्या. माणूस भला होता. त्याने ताईला सांगितलं, वर्षअखेरपर्यंत जमत असेल तर तुम्हीच घ्या, पहिला हक्क तुमचा. नाही तर एक व्यापारी गोदामासाठी मागतोय, त्याला द्यावं लागेल. ताईकडे खोल्या घेण्याइतके पैसे होते. पण होते कुठे, तर त्या बंद दारामागे! गोदाम झालं तर पाळणाघर संपणार, आणि इतक्या आया पोरं कुठे ठेवणार?

निवडून येणाऱ्या उमेदवाराच्या हाती बँकांचा नवा कायदा करण्यातला वाटा असणार होता. म्हणून ताईला जाणून घ्यायचं होतं. म्हणून ती विचारत होती. आणि तिच्या घरातला, तिच्या ताटात जेवणारा माणूस रोज दोघांच्या शेजारी उभा राहून फक्त भोंगे सांभाळत होता. भोंगेवाल्याला स्वतःचीच लाज वाटली.

त्या संध्याकाळपासून तो ऐकू लागला. आधी जड गेलं. हात मिक्सरवर आणि कान अर्थावर, ही कसरत त्याने कधी केली नव्हती. पण हळूहळू जमलं, आणि रोज दुपारी जेवताना तो ताईला अहवाल देऊ लागला.

कारखानदार म्हणायचे, बँकांच्या पायातल्या बेड्या तोडू. नियमांचं जंजाळ काढून टाकलं की बँका मोकळेपणाने कर्ज देतील, धंदे वाढतील, पोरांना नोकऱ्या लागतील. यावर प्रचंड टाळ्या पडायच्या. वकीलबाई म्हणायच्या, ज्यांनी बँका लुटल्या त्यांना गजाआड टाकू, त्यांची घरं विकू, एकालाही सोडणार नाही. यावरही प्रचंड टाळ्या. गंमत अशी, की टाळ्या वाजवणारे पुष्कळदा तेच लोक असायचे. सकाळी बेड्या तोडायला टाळी आणि संध्याकाळी बेड्या ठोकायला टाळी!

"तुला कुणाचं पटतं?" भोंगेवाल्याने विचारलं.

ताई त्या वेळी जमिनीवर सांडलेलं पाणी पुसत होती. तिने फडकं पिळलं आणि जरा विचार करून बोलू लागली. "मला सांग, माझ्याकडे आया काय ठेवतात? आपलं पोर. बँकेत मी काय ठेवलं? आपली पुंजी. दोन्ही ठेवच. आता मी उद्या म्हटलं, की माझ्यावर तपासणी नको, जाच होतो, मला मोकळं सोडा, तर कुठली आई पोर ठेवेल?"

"कुणीच नाही."

"हे झालं कारखानदारांचं. आता मी म्हटलं, की पोराला काही झालं तर मला खुशाल फाशी द्या. मग ठेवेल?"

भोंगेवाल्याने नकारार्थी मान हलवली. ताई म्हणाली, "फाशी देऊन पोर परत येत नाही. हे वकीलबाईंचं. बैल गेला आणि झोपा केला. शिक्षा हवीच, नको कोण म्हणतंय? पण बैल जाऊ नये म्हणून काय करणार, ते दोघंही सांगत नाहीत."

मग ती सांगत बसली, की तिच्याकडे सरकारी तपासनीसबाई येतात त्या न कळवता येतात. त्यांचा पगार ताई देत नाही, म्हणून त्या ताईला घाबरत नाहीत. त्या बघतात आणि शेरा दारावर लावून जातात, येणारी प्रत्येक आई तो वाचते. ताईला सुरुवातीला त्याचा राग यायचा. पण एकदा बाईंनी खिडकीची सैल झालेली जाळी दाखवली, जी ताईच्या स्वतःच्या नजरेतून सुटली होती, तेव्हापासून तिने कानाला खडा लावला. आपण कितीही प्रेमळ असलो तरी आपल्यावर नजर हवी, असं तिचं पक्कं मत झालं होतं. मात्र पुढे तिने हेही कबूल केलं, की कारखानदार अगदीच खोटं बोलत नाहीत. मागे नवा पाळणा घ्यायला तिने कर्ज मागितलं, तर एवढ्याशा रकमेसाठी इतके कागद मागितले की तिने नाद सोडला. आणि त्याच बँकेने संचालकाच्या मेव्हण्याला एकही कागद न मागता पोतंभर पैसे दिले. म्हणजे नियम होते. पण ते गरिबाच्या दारात पहारा देत होते आणि श्रीमंताच्या दारात घोरत होते.

"येत्या रविवारी सकाळी व्यापारी संघाच्या सभागृहात दोघंही एकाच व्यासपीठावर येणार आहेत ना?" तिने विचारलं. "लोकांचे प्रश्न घेणार आहेत, असं ऐकलंय. मी येऊन विचारणार."

हे ऐकून भोंगेवाला चपापला, कारण सभागृहातल्या प्रश्नांचं गुपित त्याला ठाऊक होतं. किंबहुना ते गुपित तोच होता.

त्याच्या धंद्यात एक रीत होती. श्रोत्यांमध्ये जो माईक फिरतो, त्याची कळ मिक्सरवर वेगळी असते. कुणी अडचणीचं विचारू लागलं, की आयोजक खूण करायचा. व्यापारी संघाच्या सेक्रेटरींची खूण ठरलेली होती: चष्मा काढून पुसायचा. चष्मा निघाला की भोंगेवाला ती कळ हलकेच खाली ओढायचा. एकदम नाही, हं! एकदम ओढली तर लोकांना कळतं. आधी थोडी खरखर, मग आवाज बसल्यासारखा, मग काहीच नाही. सेक्रेटरी लगेच पुढे येऊन म्हणायचे, माईकला काहीतरी झालेलं दिसतंय, वेळही कमी आहे, पुढे जाऊ या. विचारणारा बिचारा ओशाळून खाली बसायचा. भोंगेवाल्याला यात कधी वावगं वाटलं नव्हतं. उलट, इतक्या सफाईने कळ ओढणारा दुसरा कुणी नाही याचा त्याला अभिमान होता. वर्षभराच्या कार्यक्रमांचं काम सेक्रेटरी त्यालाच देत, ते काही उगीच नाही.

त्याने ताईला परोपरीने सांगून पाहिलं. गर्दी फार असते, नंबर लागणार नाही, तुझा गुडघा दुखतोय, पोरांना कोण बघेल. ताई म्हणाली, रविवारी पोरं नसतात, आणि गुडघा रोजच दुखतो. खरं कारण सांगायची त्याची हिंमत झाली नाही. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, असं म्हणून तो स्वतःची समजूत घालत राहिला.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. व्यासपीठावर डावीकडे कारखानदार, उजवीकडे वकीलबाई, मध्ये सेक्रेटरी. भोंगेवाला मागच्या कोपऱ्यात आपल्या मिक्सरपाशी. पाळणाघराचा मालकही आला होता, भिंतीला टेकून हाताची घडी घालून उभा होता. भाषणं झाली. बेड्या तुटल्या, बेड्या ठोकल्या गेल्या, टाळ्या पडल्या. मग प्रश्न सुरू झाले.

पहिले एक आजोबा उठले. कुठल्याशा कचेरीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, सदरा स्वच्छ, पण कॉलर विरलेली. माईक दोन्ही हातांनी धरून ते म्हणाले, "साहेब, बाई, माझे पैसे त्या बँकेत आहेत. बँक बुडायच्या आधी तिथे तपासायला कुणी येत होतं का? आणि येत होतं, तर त्याने..."

सेक्रेटरींनी चष्मा काढला. भोंगेवाल्याचा हात सवयीने गेला. खरखर झाली, आवाज बसला, संपला. आजोबांनी माईकवर टिचकी मारली. मग त्यांनी स्वतःचा घसा खाकरला. त्यांना वाटलं, आपलाच आवाज गेला! त्यांनी शेजारच्याला हातानेच 'माफ करा' केलं आणि माईक देऊन टाकला. सेक्रेटरी नेहमीचं बोलले, लोकांनी माना डोलावल्या.

भोंगेवाला इतकी वर्षं मिक्सरकडे बघून कळ ओढायचा. माणसाच्या तोंडाकडे तो आज पहिल्यांदा बघत होता. आजोबा खाली बसून दोन बोटांनी गळा चाचपत होते. आपण आवाज मोठा करणारे, लोक आपल्याला त्याचे पैसे देतात, आणि आपण या म्हाताऱ्याचा गळा दाबला, हे त्याला लख्ख कळलं.

तोवर माईक ताईच्या हातात पोहोचला होता.

"मी पाळणाघर चालवते," ती म्हणाली. "दोघांनाही एकच विचारते. बँक बुडाल्यावर काय करणार ते ऐकलं. बँक बुडू नये म्हणून तिच्यावर नजर कोण ठेवणार? त्याचा पगार कोण देणार? आणि तरीही बुडालीच, तर आधी पैसे कुणाला मिळणार, लहान ठेवीदाराला की..."

सेक्रेटरींनी चष्मा काढला.

भोंगेवाल्याचा हात कळेवर होता. वर्षभराचं काम त्या हातात होतं, घरचं भाडं, मुलांच्या फिया, सगळं होतं. आणि समोर ताई होती. तिला कसलाच संशय नव्हता; भाऊ मागे आहे म्हणून ती निर्धास्त बोलत होती. सेक्रेटरींनी चष्मा जोरात पुसला. मग त्याच्याकडे डोळे वटारून बघितलं.

भोंगेवाल्याने कळ ओढली. पण खाली नाही, वर!

"...की बड्यांना?" ताईचा आवाज सभागृहाच्या चारही भिंतींवर आदळला. बाहेर पायऱ्यांवर उभे असलेले लोकही वळून बघू लागले.

सेक्रेटरी तरातरा मागे आले. खाली वाकून दातओठ खात पुटपुटले, की माईकला काय झालंय ते कळत नाही का? तेव्हा भोंगेवाला उठून उभा राहिला. चाचणीपुरतं 'हॅलो, एक-दोन-तीन' म्हणण्यापलीकडे जो कधी माईकमध्ये बोलला नव्हता, त्याने आपल्यापुढचा माईक उचलला. आवाज स्वच्छ होता.

"माईकला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "मघाशी आजोबांच्या माईकलाही काही झालं नव्हतं. तो मी बंद केला होता. आजवर पुष्कळांचा केला. आजोबा, तुमचा आवाज ठणठणीत आहे. तुम्ही पुन्हा विचारा."

मग कुणीतरी टाळी वाजवली आणि बघता बघता सगळं सभागृह उभं राहिलं! अशी टाळी कुठल्याही भाषणाला पडली नव्हती. आजोबा उठले आणि त्यांनी आपला प्रश्न पहिल्यापासून शेवटपर्यंत विचारला. मध्येच थांबून त्यांनी भोंगेवाल्याकडे बघितलं आणि मान हलवली. सेक्रेटरी चष्मा हातात घेऊन तसेच उभे राहिले.

आता उत्तर देणं भाग होतं. कारखानदार आधी बोलले. ते म्हणाले, बँकांचा संघ आहे, तो आपल्या सभासदांवर नजर ठेवील, बाहेरच्याने लुडबुड कशाला? ताईने माईक सोडला नव्हता. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे माझ्या पाळणाघराची तपासणी मीच करायची आणि शेरा मीच लिहायचा?" सभागृहात हशा पिकला. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या, असं मागून कुणीतरी म्हणालं. कारखानदारांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण माणूस कच्चा नव्हता. ते म्हणाले, "बाई, ठीक आहे. पण छोट्या माणसाला कर्ज मिळत नाही, हे तरी खरं ना?" ताई लगेच म्हणाली, "खरं आहे. मीच रिकाम्या हाताने परत आलेय. ते तुमचं म्हणणं मला मान्य आहे." विरोधात बोलणारी बाई आपलंही काही मान्य करते, हे कारखानदारांना नवीन असावं. ते जरा खुर्चीत सरळ बसले.

वकीलबाईंनी आपलं गजाआडचं सुरू केलं. ताईने त्यांनाही सोडलं नाही. "बाई, तुम्ही त्यांना आत टाकाल. माझी पुंजी बाहेर येईल का?" यावर वकीलबाईंनी जे केलं ते व्यासपीठावर फार थोडे करतात. त्यांनी माईक तोंडापासून दूर धरला आणि साध्या आवाजात म्हणाल्या, की हा विचार आपण केला नव्हता, रागाला टाळ्या मिळतात म्हणून राग बोलत राहिलो. मग तिथेच, लोकांसमोर, त्या एकेक गोष्ट कबूल करत गेल्या. तपासनीस सरकारी तिजोरीतून पगार घेतील, बँकेकडून नाही. ते न कळवता जातील आणि त्यांचा शेरा बँकेच्या दारावर लागेल. संचालकांच्या नातेवाइकांना त्याच बँकेतून कर्ज मिळणार नाही. आणि बँक बुडालीच, तर आधी लहान ठेवीदार, मग बाकीचे.

त्या दिवशी बाहेर पडताना लोक कोण छान बोललं याची चर्चा करत नव्हते. कुणाचं म्हणणं काय, यावर वाद घालत होते. पाळणाघराच्या मालकाने ताईला दारात गाठलं. तो म्हणाला, "ताई, गोदामवाल्याला मी नाही सांगतो. वर्षअखेरीची अट विसरा. हे लोक शब्द पाळतात का, ते आपण दोघं मिळून बघू." तिने फक्त हात जोडले.

भोंगेवाला वायरी गुंडाळत होता. सेक्रेटरींनी त्याला सांगितलं, की उद्यापासून यायची गरज नाही. तो 'बरं' म्हणाला. ताईला सगळं कळलं होतं. ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली आणि पाठीवर एक सणसणीत धपाटा घालून म्हणाली, "हा आजवर बंद केलेल्या माईकांबद्दल." मग त्याच पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "आणि हा आजचा." भोंगेवाल्याचे डोळे भरून आले. त्याने ते लपवलेही नाहीत.

मग काय, सभागृहातली ही गोष्ट वणव्यासारखी पसरली! मतदानापर्यंतच्या प्रत्येक सभेत, चौकात, वस्तीत, कचेऱ्यांच्या आवारात लोक उठायचे आणि तेच प्रश्न विचारायचे: नजर कोण ठेवणार, पगार कोण देणार, आधी पैसे कुणाला? कारखानदारांना बँकांच्या संघाची कल्पना सोडावी लागली. त्यांनीही बाहेरचा तपासनीस मान्य केला आणि वर छोट्या कर्जासाठी एका पानाचा अर्ज, असा आपला मुद्दा पुढे आणला. लोकांनी त्यालाही मनापासून दाद दिली. दोघांचंही म्हणणं प्रचाराच्या सुरुवातीला होतं त्याहून शेवटी शहाणं झालं होतं. आणि ते शहाणपण कुणा सल्लागाराने नाही, समोर बसलेल्या माणसांनी आणलं होतं.

भोंगेवाल्यालाही काम कमी पडलं नाही. व्यापारी संघ सुटला, पण वस्त्यांची, कामगारांची, शिक्षकांची बोलावणी येऊ लागली. तो एकच अट घालायचा: श्रोत्यांच्या माईकची कळ माझ्या मर्जीने चालेल, कुणाच्या खुणेने नाही. लोक हसून हो म्हणायचे.

निवडणुकीत वकीलबाई जिंकल्या, थोडक्यात. पुढच्या वर्षी कायदा आला. त्यात तपासनीस होता, दारावरचा शेरा होता, लहान ठेवीदाराचा पहिला हक्क होता. आणि कारखानदारांच्या पक्षाने आग्रह धरला म्हणून एका पानाचा अर्जही होता. बाजारातल्या त्या बँकेचं दार ठेवी परत द्यायला उघडलं तेव्हा रांगेत पहिले आजोबा होते, त्यांच्यामागे ताई. पाळणाघराच्या दोन्ही खोल्या ताईच्या नावावर झाल्या त्या दिवशी सगळ्या आया पोरांना घेऊन अंगणात जमल्या होत्या. मालकाने किल्ल्या दिल्या आणि भोंगेवाल्याने बहिणीच्या हातात माईक दिला. ताई भाषण करणारी बाई नव्हती. एवढंच म्हणाली:

"मला बँकेचं गणित कळत नाही, आजही कळत नाही. पण ज्याच्या हाती आपण आपली ठेव देतो, त्याच्यावर नजर कोणाची, हे विचारायला गणित लागत नाही. तोंड लागतं. उमेदवाराला त्याचा राग किती मोठा ते विचारू नका, त्याचं वचन किती गोड तेही बघू नका. दोघांनाही एकच प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी-शेजारी ठेवून बघा. मत त्यानंतर द्या."

मंडळी, भोंगे भाड्याने मिळतात, टाळ्याही मिळतात. प्रश्न मात्र ज्याचा त्यानेच विचारावा लागतो. आणि आपला प्रश्न विचारून झाला, की शेजारच्यालाही त्याचा विचारू द्यावा लागतो. नागरिक होणं म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, एवढंच.